टाकीवरची हातरेघ

पंपवाल्याने आकडा घरूनच ठरवून आणला होता. नव्वद हजार. वर दमडीही नाही.

हा आकडा त्याच्या खिशात नव्हता, थोरल्या बहिणीच्या पिशवीत होता, म्हणून जास्त पक्का होता. गल्लीच्या तोंडाशी ताईने पिशवी पोटाशी आवळली आणि बजावलं, "गाडी दिसली की तुझी जीभ सैल सुटते. नव्वदच्या पुढे गेलास तर मी ही चेन उघडणार नाही. तिथेच सगळ्यांसमोर 'माझी पिशवी हरवली' म्हणून गळा काढीन."

"काढ. फक्त रडताना पिशवी हातात धरू नकोस."

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या माणसाला, आयुष्यभर विहिरीतले पंप उचलून ज्याची कंबर बोलायला लागली आहे त्याला, चाळीस वर्षांच्या मोटरसायकलचं एवढं काय? तर ऐका. विसाव्या वर्षी त्याच्याकडे हीच गाडी होती, हेच मॉडेल. आणि त्याने काय करावं? हँडल कापून उंच केलं. सीट फाडून दुसरी बसवली. आवाज मोठा यावा म्हणून सायलेन्सर पोकळ केला, टाकीवर लाल ज्वाळा काढून घेतल्या. चार महिने मित्रांनी वाहवा केली. पाचव्या वर्षी गाडी भंगारात गेली, कारण तिच्यात तिचं असं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्याने केलेलं नुकसान माणूस विसरतो. आपल्या हाताने केलेलं मात्र जन्मभर उशाशी बसून राहतं.

आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची गाडी! गावात ती तशी एकच. घड्याळजी म्हणायचे, ज्याचं काटा-चाक त्याचं त्याला, उसना भाग लावला की घड्याळ वेळ दाखवतं पण ते घड्याळ राहत नाही. गाडीलाही त्यांनी तोच न्याय लावला होता. ब्रेकची कांडी वाकली तर सरळ करायची, बदलायची नाही. घड्याळजी गेले त्याला वर्ष झालं होतं आणि त्यांच्या बायकोने गाडी विकायला काढल्याचं पंपवाल्याच्या कानावर आलं होतं.

घड्याळजींच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला.

गाडी स्टँडवर उभी होती. शेजारी पाण्याची बादली, रंगाचे दोन डबे. पाट्या रंगवणारा पेंटर उकिडवा बसून, ओल्या पॉलिश पेपरने टाकी घासत होता. उजव्या बाजूला खाली, तळहाताएवढी जागा पांढुरकी झाली होती.

"या, या," आतून हात पुसत वहिनी, घड्याळजींच्या बायको, आल्या. "जरा लवकर आलात. पेंटरभाऊ म्हणाले, गिऱ्हाईक येतंय तर नवा हात मारून देतो. एक पैसा घेत नाहीयेत हो!"

"मित्राची गाडी आहे," पेंटर मान वर न करता म्हणाला. "म्हातारी दिसायला नको. चकाचक काळी करतो, वर चांदीचे पट्टे. ही मूळची पिवळी रेघ तर पार मळलीय." आणि त्याचा हात रेघेकडे सरकला.

"थांबा!" पंपवाला एवढ्या जोरात ओरडला की ताईने आधी पिशवी सांभाळली. "थांबा. रंग नको. मला अशीच चालेल."

"अशीच?" वहिनींना नवल वाटलं. "अशी खरचटलेली? मग असं करू. भंगारवाला तीस देत होता. पेंटरभाऊ म्हणाले, रंगवल्यावर पंचेचाळीस येतील. नवा रंग नाही तर मी पाच कमी करते. चाळीस द्या."

चाळीस!

ताईचा कोपर त्याच्या बरगडीत बसला. नव्वदच्या पुढे न उघडणारी चेन आपोआप अर्धी उघडली होती. "घे ना," ती दाताआडून पुटपुटली, "आता तुझी जीभ कुठे गेली?"

जीभ जागेवरच होती, पण तिच्यावर दुसराच कुणी बसला होता. लोभ मोठा हुशार. तो चोरासारखा खिडकीतून येत नाही, घरच्या माणसासारखा बोलतो. तो म्हणत होता, तू खोटं काय बोललास? तिने किंमत सांगितली, तू हो म्हण. उरलेल्या पन्नासात घराचं छप्पर होईल. ताईच्या गुडघ्यांचा इलाज होईल.

पंपवाला गाडीपाशी खाली बसला. इंजिनवरचा नंबर पुसून वाचला, मग चासीवरचा. जुळत होते. टाकीचे रबर मूळचे. आरशाच्या दांडीवर कारखान्याचा शिक्का. चाकाच्या एकेका नटावर पाना फिरल्याच्या खुणा, पण नट सगळे जन्मापासूनचे. चाळीस वर्षांत या गाडीला एक परका नट लागला नव्हता. आता चाळीसला 'हो' म्हटलं तर पहिला लागणार, आपल्या तोंडचा.

तो उठला. ठरलं होतं.

"वहिनी, ही गाडी चाळीसची नाही."

"अगं बाई, अजून कमी?"

"जास्त. आज सकाळी तिची किंमत एक लाख वीस होती. ही कुणी बदललेली नाही, रंगवलेली नाही, म्हणून. नवा रंग लागला असता तर साठही आले नसते."

पेंटरच्या हातातला पॉलिश पेपर बादलीत पडला.

"काहीतरीच!" पेंटर उसळला. "जुना रंग नव्यापेक्षा महाग? मग मी माझं दुकान बंद करून गंजच विकतो की!"

"पेंटर, चिडू नका. इकडे या, ही डावीकडची रेघ बघा. तुम्ही पाट्यावाले, तुम्हाला मी काय सांगणार. ही साच्याची आहे का?"

पेंटरने चष्मा कपाळावरून खाली घेतला. नाक टाकीला टेकेपर्यंत वाकला. रेघ टोपणापासून निघून वळणावर किंचित जाड झाली होती, आणि मग पुन्हा केसासारखी बारीक.

"हाताची आहे," तो म्हणाला. "एका दमात ओढलीय. इथे ओढणाऱ्याने श्वास सोडला." मग आपल्या ओल्या बोटांकडे बघून त्याने ती पँटला पुसली, पुन्हा पुसली. "आणि मी ही खरवडणार होतो. वहिनी, मी गाढव आहे."

"आहात," वहिनी म्हणाल्या, "पण फुकट राबणारं गाढव आहात. बसा, पाणी देते." मग पंपवाल्याकडे वळल्या. त्यांचा आवाज आता गिऱ्हाइकाशी बोलतानाचा नव्हता. "सकाळी एक लाख वीस. आणि आत्ता, हे घासल्यावर?"

"एक लाख दहा. घासल्याचे दहा गेले. खोटं वाटत असेल तर दुसऱ्या कुणालाही दाखवा."

"तुम्ही किती आणलेत?"

"नव्वद."

ताईने डोळे मिटून घेतले. भावाला ती पन्नास वर्षं ओळखत होती, तरी एवढा खुळा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मग नव्वदला देते असं मी म्हणायला हवं, नाही?" वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्ही एवढं खरं बोललात. पण मी म्हणणार नाही. मला स्वेटर विणायचं यंत्र घ्यायचंय. एक लाख दहालाच पडतंय. आतापर्यंत वाटत होतं, हातातल्या सुयांवरच जन्म जायचा. तुम्हीच दार उघडलंत, आता मी आत जाणार."

"बरोबर आहे," पंपवाला म्हणाला. त्याला राग आला नाही. उलट बरोबरीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. "मला एक महिना द्या. वीस हजार आणतो. आज विसार देतो."

"विसार नको, घेतला की मी खर्च करीन. महिना दिला. एकतिसाव्या दिवशी मी मोकळी."

गल्लीबाहेर आल्यावर ताईने पिशवीची चेन ओढून लावली. मग म्हणाली, "चाळीसला मिळत होती."

"हो."

"वीस हजार कुठून आणणार?"

"कातडी कारखान्याची टाकी."

ताई थांबली. त्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत गाळाचे चार पंप दोन वर्षं रुतून पडले होते. तीन मिस्त्री नुसत्या वासाने परत आले होते. पंपवाल्याने स्वतःच गेल्या वर्षी हात जोडून नाही म्हटलं होतं.

"उतरशील?"

"उतरेन."

उतरला. कंबरेएवढ्या गाळात, तोंडाला फडकं बांधून, रोज सकाळी सात ते दुपारी दोन. पहिल्या दिवशी जेवण पोटात राहिलं नाही. चौथ्या दिवशी एक पंप सुटला. ताई अंगणातच त्याच्यावर पाण्याच्या बादल्या ओतायची, नाकाला पदर लावून शिव्या द्यायची, आणि दुसऱ्या दिवशीचं फडकं धुऊन वाळत घालायची. तिसऱ्या पंपाचा नट सुटेना तेव्हा कारखान्याचा मालक म्हणाला, कापून टाका. पंपवाला म्हणाला, नाही, सुटेल. दोन दिवस गेले, सुटला.

सव्विसाव्या दिवशी चौथा पंप पाणी फेकू लागला आणि मालकाने वीस हजार मोजून दिले. सत्ताविसाव्या दिवशी बहीणभाऊ वहिनींच्या ओटीवर होते. ताईने स्वतःच चेन उघडली, सगळी.

वहिनींनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग चावी पुढे ठेवत सहज म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात शहरातून एक जण आला होता. एक लाख पस्तीस म्हणत होता. रोख घेऊन उभा होता."

पंपवाल्याचा हात चावीवरच थबकला. "मग?"

"मग काय," वहिनी नोटांना दोरा गुंडाळत म्हणाल्या, "महिना कुठे संपला होता?"