उभं राहायची सवय

सुपातले तांदूळ पाखडता पाखडता कुंदाबाईचा हात थांबला. दारापलीकडे ओसरीवर तिचा नवरा, यादोराव, आपल्या नापास होण्याची गोष्ट सांगत होता आणि तिला त्यातला एक शब्दही चुकवायचा नव्हता.

तो विलायतेहून परतल्यापासून कामठा गावातली माणसं रोज सकाळी त्याला ऐकायला येत. तळी बांधणाऱ्या घराण्यातला पोरगा पाण्याचं शिक्षण घ्यायला सातासमुद्रापार निघाला, म्हणून जाताना याच माणसांनी त्याची यथेच्छ थट्टा केली होती. इंग्रज गेले अन् हा त्यांच्या मागं चालला, असंही कुणी म्हणालं होतं. आता तीच माणसं आ वासून बसत.

तर झालं होतं असं. नागपूरच्या कॉलेजात यादोराव पहिला यायचा तो पाठांतराच्या जोरावर. तिकडच्या विद्यापीठातही त्यानं तोच खाक्या चालवला. तिथं प्रोफेसर मुलांबरोबर एकाच टेबलाशी बसायचे. त्यांनी नाव घेतलं की हा ताडकन उभा राहायचा आणि हात बांधून पुस्तकातलं पान घडाघडा म्हणायचा. खुर्चीत रेलून बसलेली गोरी पोरं गालात हसायची. प्रोफेसर म्हणायचे, बस, बसून बोल. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा उभा. पहिल्याच परीक्षेत त्याची दांडी गुल झाली.

"मी म्हटलं, सर, एक ओळ चुकली नाही, मंग काऊन नापास?" यादोराव सांगत होता. "तर म्हणते कसा, हे पुस्तकानं सांगतलं. तू काय म्हणतेस?"

"म्हणजे मास्तरले उलटं बोलाचं अन् त्याचे मार्क भेटते?" शेजारच्या पुनारामानं विचारलं.

भेटतात, यादोराव म्हणाला. वर्षभर त्याला जीव नकोसा झाला होता, पण शेवटी तो बसल्या जागेवरून प्रोफेसरांशी वाद घालायला शिकला आणि चांगला वरच्या वर्गात पास झाला. हे ऐकून त्याच्या वडिलांनी, बकारामांनी, मिशीवरून हात फिरवला.

कुंदाबाईला मात्र कौतुक वाटेना. तो तिकडे असताना तिनंही एक परीक्षा दिली होती. चूल आणि धानाची रोवणी सांभाळून ती सातवीची फायनल पास झाली होती, आणि भंडाऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तिची निवडही झाली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. बकाराम नाही म्हणाले होते. नवरा आला की तो आपली बाजू घेईल, या आशेवर ती थांबली होती. आज सकाळी त्याला आंघोळीचं पाणी काढून देताना तिनं विषय काढला. बाबा नाही म्हणतात ना, मग नाही, असं त्यानं टॉवेल खांद्यावर टाकत सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाला, बाबा म्हणतात म्हणून.

तेव्हा ती मुकाट्यानं आत गेली होती. आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या तऱ्हेच्या उत्तरानं हा माणूस तिकडे नापास झाला होता, तसलंच उत्तर त्यानं तिच्या तोंडावर फेकलं होतं.

त्या घरात सून सासऱ्यासमोर येत नसे. तिला काही सांगायचं असलं तर ते सासूच्या तोंडून ओसरीवर जायचं. सासू धुरपताबाई शेजारीच बसल्या होत्या. कुंदाबाईनं सूप खाली ठेवलं, तसं त्यांनी सवयीनं विचारलं, बाहेर काही सांगायचं आहे काय.

"तुमी राहू द्या, आत्याबाई."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, उंबरा ओलांडला आणि ओसरीवरच्या चटईवर सगळ्यांसमोर बसली. पुनाराम चटईच्या कडेला सरकला. बकारामांनी मान दुसरीकडे वळवली, पण ते उठून गेले नाहीत.

"म्या भंडाऱ्याले जाऊ नये, हे मामाजीनं सांगतलं," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "तुमी काय म्हणता?"

यादोरावानं तोंड उघडलं. मग बापाकडे पाहिलं, पुनारामाकडे पाहिलं. आणि त्याचं त्यालाही कळायच्या आत तो खुर्चीतून उठून हात बांधून उभा राहिला.

"बसा," कुंदाबाई म्हणाली. "बसून बोला."