बाहुलीमायचं वय

प्रणाली मॅडम अमरावतीहून निघाल्याचा फोन मंगळवारी सकाळी आला, तेव्हा आचल नाश्त्याला बसली होती. आईनं पोहे समोर ठेवले. तिनं दोन घास चिवडले आणि ताटली बाजूला सारली.

"परीक्षा हाये का तुही?" आई म्हणाली. "थ्या मॅडम येतीन, पायतीन, काय थे सांगतीन. तू काहून जीव जाळून रायली?"

परीक्षा तिचीच होती. पण ते आईला कसं सांगणार?

तेल्हाऱ्यापासून सहा-सात किलोमीटरवर त्यांचं गाव. घरची फुलशेती. आचलचे वडील खुशालराव दिवसाआड झेंडू-शेवंतीचे कट्टे, म्हणजे फुलांची पोती, घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचे. माणूस मोकळ्या मनाचा, पण शब्दाला जपणारा. एकदा म्हटलं की म्हटलं. गावातल्या महादेवाच्या देवळाच्या समितीवर ते दहा वर्षांपासून होते, आणि सगळं प्रकरण त्या देवळावरूनच सुरू झालं होतं.

देवळाच्या बाहेरच्या भिंतीत हातभर उंचीची एका बाईची दगडी मूर्ती होती. उजवा हात कमरेवर, डाव्या हातात फूल. देव म्हणून तिची कोणी पूजा करत नसे, पण नव्या नवऱ्या येताजाता तिच्या पायाला हात लावायच्या. गाव तिला बाहुलीमाय म्हणायचं. चैत्रात समितीनं देवळाला आतूनबाहेरून टाइल्स लावायचं ठरवलं. भिंत सपाट पाहिजे, म्हणून बाहुलीमाय काढून नदीत शिरवायची, म्हणजे विसर्जित करायची, असंही ठरलं.

आचल तेव्हा नुकतीच बारावी देऊन गावी आली होती. दोन वर्षं ती अमरावतीला मावशीकडे राहून सायन्स शिकली, आणि रविवारी एका चित्रकलेच्या वर्गाला गेली. तिथं प्रणाली मॅडम शिकवायच्या. मूर्ती कशी पाहायची, तिचा काळ कशावरून ओळखायचा, असलं काही त्या सांगायला लागल्या की आचलला घड्याळाचं भान राहत नसे. चित्रांचा आणि मूर्तींचा इतिहास हा विद्यापीठात पदवीला घेता येणारा विषय असतो, हे तिला तिथंच कळलं. बाहुलीमाय नदीत जाणार हे ऐकल्यावर ती धावतच वडिलांकडे गेली.

"बाबा, शिरवू नका तिले! आठशे वर्षांची मूर्ती हाये थे. यादवांच्या वक्ताची."

एका दमात बोलून गेली. आठशे कुठून आणले, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मूर्ती काळ्या दगडाची होती, जुनी दिसत होती आणि तिला ती जुनी असायला हवी होती. पण खुशालरावांनी ते खरं धरलं. समितीच्या बैठकीत मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "माही पोरगी यातलं शिकली हाये. काम थांबवा."

काम थांबलं. तीन महिने होऊन गेले. टाइल्सची खोकी ताडपत्रीखाली पडून राहिली, वाळूच्या ढिगावर गवत उगवलं. श्रावण तोंडावर आला, देवळात गर्दी होणार, आणि भिंती अर्धवट खरवडलेल्या. समितीचे अध्यक्ष महादेवराव पाटील भेटतील तिथं विचारायचे, "काय खुशालराव, लागला का पत्ता तुमच्या यादवांचा?"

दरम्यान आचलला एकाच आठवड्यात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. अकोल्याला बी.एस्सी. ॲग्रीची सीट लागली. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. आणि बडोद्याहून मेल आला, की कला-इतिहासाच्या प्रतीक्षा यादीतून तिचं नाव वर आलं आहे, होकार शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवावा. आईचा कौल अकोल्याला होता. घर जवळ, पुढे नोकरी, आणि शेजारची मैत्रीण अपेक्षाही तिथंच जात होती. खुशालराव मात्र हसत म्हणाले, "जाय बडोद्याले. ज्या पोरीले नुसतं पाहून दगडाचं वय समजते, तिनं थेच शिकावं."

त्या वाक्यानं आचलची झोप उडाली. कारण एव्हाना तिला शंका यायला लागली होती. यादवकाळातल्या मूर्तींचे फोटो ती फोनवर मोठे करकरून पाहायची आणि वहीतल्या आपल्या चित्राशी ताडायची. जुळत नव्हतं. चेहऱ्याची ठेवण वेगळी, उभं राहणं वेगळं. नेमकं काय चुकतंय ते सापडत नव्हतं, पण काहीतरी चुकतंय एवढं नक्की होतं. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. शेवटी तिनंच मॅडमना फोन करून बोलावलं होतं.

मॅडम अकराच्या सुमारास पोचल्या. देवळापुढे पंधरा-वीस माणसं जमली होती. खुशालरावांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आचल वही छातीशी धरून उभी होती.

मॅडमनी घाई केली नाही. आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग खाली बसून बाजूनं. मूर्तीवर बोट फिरवलं. आचलची वही मागून घेतली आणि तिनं काढलेलं चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"आचल, हे तिच्या नाकात काय काढलंयस?"

"नथ."

"मूर्तीत आहे, की तू मनानं काढलीस?"

"मूर्तीत आहे, मॅडम. मी तर..."

"यादवांच्या काळातल्या मूर्तींच्या नाकात तू कधी नथ पाहिलीस?"

आचलनं आठवून पाहिलं. इतके फोटो, कान दागिन्यांनी भरलेले, गळे भरलेले, कमरा भरलेल्या. नाकं मात्र रिकामी. एकूण एक. वर्षानुवर्षं पाहिलेली, स्वतःच्या हातानं तीन वेळा कागदावर काढलेली नथ, आणि तिचा अर्थ एकदाही विचारावासा वाटला नव्हता.

मॅडम लोकांकडे वळल्या. "नाकातले दागिने आपल्याकडच्या शिल्पात फार नंतर येतात. लुगड्याचा काष्टाही बघा, तुमच्या आज्या-पणज्या नेसायच्या तसाच आहे. माझ्या मते ही मूर्ती शंभर-सव्वाशे वर्षांची असेल. फार तर दीडशे. पण नवी आहे म्हणून टाकून द्यायची आहे, असं मी म्हणत नाही. काम सुरेख आहे."

शेवटची दोन वाक्यं कोणाच्या कानात शिरली नाहीत. महादेवराव मोठ्यानं हसले. "म्हंजे आमच्या पंज्याच्या वक्ताची! मंग तीन महिने काम काहून थांबोलं, खुशालराव? पोट्टीच्या सांगन्यावरून?"

मागे कोणीतरी "यादव" म्हणालं आणि हशा पिकला. खुशालराव हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "चुकलं आमचं," एवढंच बोलले आणि मॅडमना चहाला घरी घेऊन गेले. वाटेत त्यांनी आचलकडे एकदाही पाहिलं नाही.

मॅडम गेल्यावर ते तिला म्हणाले, "शुक्रवारी अकोल्याले जाऊ. कागदं काढून ठेव."

"बाबा, मले मालूम नव्हतं..."

"मालूम नव्हतं तं बोलली काहून?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी गावापुढे उभा रायलो तुह्या एका शब्दावर. आता बडोद्याचं नाव काढू नको."

दुसऱ्या दिवशी आचल घराबाहेर पडली नाही. दुपारी अपेक्षा आली. "बरं झालं न," ती म्हणाली, "एका रूमवर राहू दोघी." आचलनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिला थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. अनोळखी शहर नको, अनोळखी भाषा नको, पुन्हा कोणासमोर तोंडघशी पडायला नको. अकोल्यात माती तपासायची, बियाणं तपासायचं. तिथं यंत्रात आकडा येतो आणि तो आकडा सांगायचा. ती रात्री जेवलीही पोटभर.

पण गुरुवारी सकाळी आईनं तिला फुलांच्या वाफ्याकडे पाठवलं, आणि परत येताना ती पाटलांच्या जुन्या विहिरीवर हातपाय धुवायला थांबली. विहिरीच्या कठड्यावर बादली टेकवताना तिचं बोट दगडावरून घसरलं आणि थबकलं. दगडावर पाथरवटाच्या टाकीचे बारीक तिरपे घाव होते. एक ओळ उजवीकडे झुकलेली, खालची डावीकडे, पुन्हा उजवीकडे. गव्हाच्या ओंबीसारखे. असे घाव तिनं कालपरवाच कुठंतरी काढले होते. कुठं?

बाहुलीमायच्या पायाखाली.

ती बादली तशीच टाकून घरी पळत गेली, वही घेऊन आली. चित्र कठड्याशी धरलं. तेच तिरपे घाव, तीच अंतरं. शेवाळ खरवडत ती कठड्याभोवती गुडघ्यांवर फिरायला लागली. एका दगडावर पानाफुलांची वेल निघाली. बाहुलीमायच्या हातातलं फूलही असंच होतं, पाच पाकळ्यांचं, त्यातली एक मुडपलेली. आणि वेलीच्या शेवटी, शेवाळाखाली, अक्षरं: शके १८१७.

तिनं बोटांवर हिशोब केला. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे... अठराशे पंच्याण्णव. म्हणजे एकशे तीस वर्षं. बहुतेक एकाच माणसाचा हात. विहीर बांधायला आलेल्या कुठल्याशा पाथरवटानं, काम संपल्यावर किंवा मधल्या वेळात, याच गावातली एखादी बाई डोळ्यांपुढे ठेवून ती मूर्ती घडवली असावी. असावी. या शब्दापाशी आचल मुद्दाम थांबली. नक्की ठाऊक नव्हतं. पण आता हे कशावरून म्हणायचं, ते तिला बोट ठेवून दाखवता येत होतं.

सलवार चिखलानं माखली होती, नखं शेवाळानं भरली होती, आणि ती एकटीच हसत होती. स्वतःचीच चूक पुराव्यानिशी सिद्ध झाली म्हणून माणूस कधी हसतं का? मग तिला एकदम भीती वाटली. मंगळवारपेक्षाही मोठी. कारण आता तिला काय हवंय याबद्दल शंका उरली नव्हती, आणि हातात एकच दिवस होता.

तिनं फोटो मॅडमना पाठवले. तासाभरानं उत्तर आलं: "विहीर मी पाहिलीच नव्हती. हे तू शोधलंस. महादेवरावांना दाखव." ती वही घेऊन महादेवरावांकडे गेली. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग चष्मा लावून विहिरीवर आले, शके वाचलं आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. "माह्या पंज्यानं खोदली हे विहीर," ते म्हणाले. "त्याच्या घरातलीच कोनी असन का वो थे?"

"सांगता येत नाई, काका. पन असू शकते."

टाइल्सचं काम दुसऱ्या दिवशीपासून सुरू करायचं ठरलं. बाहुलीमायभोवतीची हातभर जागा तेवढी सोडायची, असं महादेवरावांनी मिस्त्रीला बजावलं. शुक्रवारी पहाटे, फुलांचे कट्टे गाडीत चढवताना कोणीतरी खुशालरावांपाशी हा विषय काढला. ते कट्टे चढवत राहिले. आचल कागदांची फाइल मांडीवर घेऊन गाडीत बसली. अकोट गेलं, पुढची गावं गेली. दर दोन मिनिटांनी ती मनात वाक्य जुळवायची आणि ते मोडून पडायचं.

फुलं उतरवून दोघं कॉलेजात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. रांग लांब होती. आचलच्या पुढे नऊ जण, मग सात, मग चार. टेबलामागचा कारकून एकेकाची कागदपत्रं पाहून शिक्के मारत होता.

"बाबा."

"काय?"

"मले नाई द्यायची फाइल."

खुशालरावांनी तिला हाताला धरून रांगेबाहेर, कडुलिंबाखाली नेलं. "चूक झाली न तुही? गाव हसलं न?"

"हो. झाली चूक. म्हनूनच जायचं हाये. पायता येते मले, बाबा, पन समजत नाई. चार वर्षं शिकली का निदान काय मालूम हाये आन् काय नाई, थे सांगता येईन. इथं मी पास होईन. पन विहिरीवर काल जसं वाटलं, तसं वाटन का, थे मले मालूम नाई."

"आन् तिथं नाई जमलं तं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "तं नाई जमन," ती म्हणाली. "मलेही भेव लागून रायलं."

खुशालराव रांगेकडे पाहत राहिले. मुलं पुढे सरकत होती. आचलची जागा कधीच भरून गेली होती. त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"काल महादेवराव घरी आला होता," ते म्हणाले. "तू झोपली होती. म्हने, पोरीनं चूक केली पन चूक दाखवाले सोताच आली. आपल्याच्यानं होत नाई म्हने असं." मग म्हणाले, "मले राग चुकीचा नव्हता. न पायता बोलली, त्याचा होता. पुन्हा असं करशीन?"

"नाई."

"करशीन. पन कमी करजो."

आचलनं फोन काढला. मेल उघडला. होकाराच्या चौकोनावर बोट ठेवलं, ते पहिल्यांदा भलतीकडेच लागलं. दुसऱ्यांदा लागलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, मग हिरवी खूण आली. आनंद झाला नाही. ती नुसती कडुलिंबाच्या पारावर टेकली.

खुशालरावांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

"घोट घे," ते म्हणाले. "आन् आईले तू सांगजो. मी नाई सांगत बाप्पा."