शोभेची नव्हे, मिरीची चक्की

मी मिरी दळायची चक्की बोलतेय. रागावून बोलतेय, हे आधीच सांगते; म्हणजे मध्येच कुणी "अगं, जरा हळू" म्हणायला नको. एका हळू बोलणाऱ्या बाईच्या घरात मी राहते. हळू बोलून तिचं काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

दिसायला मी बुटकी. गर्द तपकिरी लाकडाचं गोल पोट, त्यावर पितळेची टोपी, टोपीवर वाकडी दांडी आणि दांडीच्या टोकाला लाकडी बोंड. ज्या कारागिराने मला खरादावर कातलं, त्याने माझं पोट गुळगुळीत करायला घेतला त्याहून कितीतरी जास्त वेळ माझ्या आतल्या पोलादी दातांवर घालवला. वरचे दात अख्खा दाणा फोडतात, खालचे त्याची पूड करतात. बुडाशी एक चाकी आहे. ती आवळली की पूड बारीक, सैल केली की भरड. एवढाच माझा संसार. माझं सगळं मोल त्या न दिसणाऱ्या दातांत आहे आणि माझी सगळी विटंबना झाली ती या दिसणाऱ्या पोटामुळे.

भांड्यांच्या दुकानात फळीवर बसून मी माणसांची निवड फार पाहिली. लोक यायचे, टिचकी मारायचे, "दुसरा रंग आहे का?" विचारायचे. कुणी मला उंचावर धरून "ओट्यावर छान दिसेल" म्हणायचं. दळायच्या वस्तूला कुणी दळून बघत नव्हतं. तेव्हाच माझं डोकं तापायला सुरुवात झाली होती.

मग एक दिवस त्या दोघी आल्या. आई आणि तिची कॉलेजात शिकणारी लेक. आईच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. दुकानदाराने सवयीने चकचकीत माल पुढे केला.

"हे बघा, एकदम नवीन. बॅटरीवर चालतं. बटण दाबलं की खाली दिवासुद्धा लागतो."

"दिवा कशाला?" लेकीने विचारलं.

"मिरी कुठे पडतेय ते दिसायला."

"काका, आमच्या आईचे डोळे शाबूत आहेत. दुखतंय ते मनगट."

आईने तिला कोपराने ढोसलं. पण लेक थांबणारी नव्हती. तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. घरून मिरीचे दाणे घेऊन आली होती! फळीवरची एकेक चक्की उघडून तिने आत डोकावून पाहिलं, दात पोलादी आहेत की नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या. दाणे ओतायचं तोंड पुरेसं रुंद आहे का, तेही पाहिलं. मग पांढऱ्या कागदावर थोडं दळून ती पूड निरखत बसली. एका चक्कीने अर्धे दाणे तसेच टाकले, दुसरीने एकीकडे धूळ केली नि दुसरीकडे खडे.

"लग्नाचं स्थळ बघायला आलात की काय?" दुकानदार हसला.

"स्थळ बघताना कुठे एवढं बघतात, काका! बघितलं असतं तर आमची आई आज—"

"पुरे," आई म्हणाली. हळूच.

"बरं, आता तू फिरव. मला आवडून काय उपयोग?"

"मला काय कळतं त्यातलं? तूच घे बाई एखादी."

"कळायचं काही नाही. दुखतं का तेवढं सांग."

आईने एक उंच, सडपातळ चक्की हातात घेतली. तिचं डोकं धरून पिळावं लागायचं. एका पिळात आईच्या कपाळावर आठी उमटली. "नको गं. ओली चादर पिळताना होतं तसंच होतंय." मग तिने मला घेतलं. डाव्या हाताने पोटाशी धरलं, उजव्या हाताने दांडी फिरवली. एकदा. दोनदा. मग तिचा चेहराच बदलला.

"हिला मनगट लागतच नाही," ती म्हणाली. "सगळं खांद्यातूनच फिरतंय."

खाली कागदावर एकसारखी, काळी-करडी, झणझणीत पूड पडली. आईने वास घेतला, शिंकली आणि खळखळून हसली. त्या हसण्याला मी विकली गेले. माझ्या जन्माचं सार्थक झालं असं मला वाटलं. किती भोळी होते मी!

त्यांच्या घरी वडिलांना सगळ्यावर मिरपूड लागते. सकाळी अंड्यावर, दुपारी काकडीवर, रात्री सूपवर, उकडलेल्या बटाट्यावर. तीही ताजी. "पाकिटातल्या पुडीला वास नसतो," असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे. फक्त त्यांच्या त्या वासासाठी आई रोज लोखंडी खलबत्त्यात मिरी कुटत होती. डॉक्टरांनी तिला हात जपायला सांगितलं होतं. म्हणून लेकीने हा सगळा खटाटोप केला होता.

वडील एका कचेरीत साहेब आहेत. त्यांनी मला हातात घेतलं, वळवून पाहिलं आणि खूश झाले. "वा! वकीलीणबाई, वस्तू झकास आणलीस." लेक फार वाद घालते म्हणून तिला ते वकीलीणबाई म्हणतात. मग मला घेऊन ते बाहेरच्या खोलीत गेले आणि काचेच्या कपाटात, एका चिनी मातीच्या घोड्याशेजारी ठेवलं.

"बाबा, ती स्वयंपाकघरात हवी!"

"अगं, तिथे तेलकट होईल. इतकी चांगली वस्तू! पाहुणे आले की काढू."

"आईचा हात—"

"आईला हवी तेव्हा तिने घ्यावी की. कुलूप थोडंच लावलंय?"

कुलूप नव्हतं, हे खरं. पण कपाटाची काच सरकवली की कर्रर्र आवाज व्हायचा आणि पेपरमागून विचारणा व्हायची, "काय गं, काय काढतेस?" दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा आई कपाटाकडे आलीच नाही. लेक हॉस्टेलवर परत गेली आणि स्वयंपाकघरातून पुन्हा खलबत्त्याचा आवाज यायला लागला. ठण्, ठण्, मग थोडं थांबून ठण्. ते मधलं थांबणं म्हणजे मनगट चोळणं, हे मला घोड्याशेजारी बसूनसुद्धा कळत होतं. माझ्या पोटातले दाणे तसेच होते. माझे दात शिवशिवत होते. अंगाचा नुसता तिळपापड होत होता आणि काचेवरून माझीच चकचकीत छबी माझ्याकडे बघत होती.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. "आई, चक्की कशी चाललीय?"

"छान आहे गं. मस्त चाललीय."

खोटं! मला ओरडावंसं वाटायचं. पण चक्कीला दात असतात, जीभ नसते.

पाहुणे आले की माझी वरात निघायची. वडील मला टेबलावर आणायचे आणि दुकानात लेकीने जे जे केलं होतं ते स्वतःच्या नावावर खपवायचे. "चक्की घेताना आधी दात बघायचे. पांढऱ्या कागदावर दळून बघायचं. बरेच लोक इथेच फसतात!" पाहुणे माना डोलवायचे. आई गरम वाढत उभी असायची.

असं होता होता माझ्या पोटातले दाणे संपले. नेमके त्याच दिवशी साडूभाऊ जेवायला आले. साडूभाऊंच्या घरी सगळंच यांच्यापेक्षा मोठं, त्यामुळे ते येणार म्हटलं की वडिलांची छाती आधीच फुगलेली. ऐनवेळी त्यांनी मला हलवून पाहिलं. रिकामी.

"दाणे कुठायत?"

"मगाशीच सगळे कुटले," आई म्हणाली. "वाटीत पूड काढून ठेवलीय."

"मग तीच ओत हिच्यात."

"अहो, पूड कशी ओतायची? ती दळायला—"

"कुणाला कळतंय? खालून शेवटी पूडच पडायची ना!"

ऐका, पुन्हा ऐका. दुखऱ्या हाताने जी मिरी तिने कुटली, ती तिच्याच हातून माझ्या पोटात ओतवली. कशासाठी? तर साहेबांना दांडी फिरवून दाखवायची होती म्हणून. तिचं कष्टाचं काम झाकायला माझं नाटक! त्या वेळी माझ्यात थोडा जरी जीव असता, तर मी ती सगळी पूड त्यांच्या नाकात फुंकली असती.

जमलं तेवढं मी केलं. म्हणजे काहीच केलं नाही. सूपाची वाफ वर आली, पूड दमट झाली, दातांत घट्ट बसली. वडील दांडी फिरवतायत, फिरवतायत, खाली कणसुद्धा नाही.

"काय हो, मिरी पण सुट्टीवर वाटतं आज?" साडूभाऊ म्हणाले.

वडील लालबुंद झाले. "मालच खराब. पोरीची निवड! पुस्तकं वाचून चक्की घ्यायला गेली." आणि पाहुणे गेल्यावर त्यांनी मला नळाखाली धरलं. लाकडाला, पोलादाला, धो धो पाण्याखाली! मग पुसण्याचे कष्टही न घेता रद्दीच्या टोपल्यात टाकलं. तिथे माझं पोट फुगलं आणि एका बाजूने तडकलं. ती भेग अजून आहे. हात लावाल तर लागेल.

सुट्टीला लेक आली. तिने आधी आईचा पट्टा पाहिला. तो आता कोपरापर्यंत आला होता. मग खलबत्ता पाहिला. मग टोपल्यात मी. "साडूंसमोर माझं नाक कापलं त्या चक्कीने," वडील म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. "बाबा, ही वस्तू तुमच्या मिरवण्यासाठी आणली नव्हती! घरात एक बाई दुखतेय आणि तुम्ही साडूंना दात दाखवताय!"

"आवाज खाली. दुसरी आणू, विषय संपला."

"तुमचा संपला!" ती गर्रकन आईकडे वळली. "आणि तू? दर रविवारी विचारत होते मी. खोटं का बोललीस?"

आईने मला टोपल्यातून उचललं, पदराने पुसलं.

"तू दर रविवारी चक्की कशी आहे ते विचारलंस," ती म्हणाली. "ती छानच होती. मनगट कसं आहे, हे विचारलं असतंस तर खरं सांगितलं असतं."

एवढ्या वादविवादात लेकीला कुणी असं गप्प केलं नसेल. खरं सांगू? मला बरं वाटलं. ज्या रागाची मी कधीची वाट बघत होते, तो हा होता. आईचा. हळू आवाजातला, पण पूर्ण दळलेला.

"कसं आहे गं?" शेवटी लेकीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखतं. फार दुखतं. आता हिला उघड, मला ती चाकी फिरत नाही."

दोघींनी मला सुटी केली, टूथब्रशने दात घासले, उन्हात वाळवलं. मग कोरडे तांदूळ माझ्यातून दळले. आधी गंज मिसळलेलं तांबूस पीठ पडलं, मग करडं, मग पांढरंशुभ्र. त्यानंतर अख्खे दाणे आले. मी पुन्हा मी झाले.

आता मी शेगडीच्या उजव्या हाताला बसते. तेलकट झालेय. पितळेची टोपी काळवंडलीय. घोड्याशेजारची जागा रिकामी आहे. खलबत्ता माळ्यावर गेलाय. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचा तरी काय दोष?

परवा साडूभाऊ पुन्हा आले. बाहेरून हाक आली, "अगं, ती चक्की आण बरं जरा बाहेर!"

आई बटाट्यांवर मिरी दळत होती. तिने दांडी थांबवली नाही.

"ती कामात आहे," ती म्हणाली. या वेळी हळू नाही. "मिरी हवी असेल तर ताट घेऊन इकडे या."

बाहेर खुर्ची सरकली आणि ताट घेऊन वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांच्यामागे साडूभाऊ, तेही ताट घेऊन.

तुम्ही चक्की घ्यायला जाल, तेव्हा माझे दात जरूर बघा. कागदावर दळूनही बघा. पण त्याआधी घरी जी बाई रोज कुटते, तिचा हात हातात घ्या आणि विचारा, कुठे दुखतं. तेवढं विचारायला जमत नसेल, तर मला दुकानातच राहू द्या. चिनी मातीचे घोडे तुम्हाला हवे तेवढे मिळतील.