न बसणारा मॅनिफोल्ड

“उलटा तर नाही ना धरलास?” ऑझीने विचारलं.

“उलटा कसा धरीन? पुढची बाजू कुठली, त्याचा बाण कोरलाय की त्याच्यावर.”

मर्ल हाउब्रिखने अ‍ॅल्युमिनियमचा तो जड मॅनिफोल्ड पुन्हा उचलला आणि इंजिनावर ठेवला. दोन कार्ब्युरेटरांमधून हवा-पेट्रोल घेऊन ते सगळ्या सिलिंडरांना वाटून देणारा हा संच. तो बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. सॅगिनॉच्या मोटार कारखान्यातल्या प्रेस शॉपमधून निवृत्त झाल्यापासून मर्ल तो शोधत होता. शेवटी पेनसिल्व्हेनियात, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, खोक्यासकट सापडला. त्याच्या सत्तर सालच्या शेव्हेल गाडीच्या इंजिनासाठीच घडवलेला.

आणि तो बसत नव्हता. मोठ्या बुटात पाय जावा तसा इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या हेडांच्या मधे खाली जात होता. बोल्टची भोकं जुळत नव्हती. मर्लने गॅस्केट बदललं. पट्टी लावून मापं घेतली, पुसली, पुन्हा घेतली.

ऑझी उपड्या बादलीवर बसून नुसता बघत होता. हा त्याचा मेहुणा, बायको लवर्नचा भाऊ. काउंटीचे बर्फ काढायचे ट्रक दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. एरवी दुसऱ्याच्या हातातला पाना हिसकावून घेणारा माणूस. आज मात्र ढिम्म.

“काहीतरी बोल ना!”

“काय बोलू? ठेव परत खोक्यात. जुना होता तोच लाव.”

“का? हा याच गाडीचा आहे!” मर्लचा आवाज चिरकला. मग तो हळूच म्हणाला, “ऑझी, खरं सांग. लवर्न गेल्यापासून मी कॉफी ठेवतो आणि विसरतो. परवा चर्चचा रस्ता चुकलो. आता साधी मापं जमेनात. माझं डोकं जायला लागलंय का रे?”

ऑझीने टोपी काढली, टक्कल खाजवलं, पुन्हा घातली.

“डोकं ठीक आहे तुझं. इंजिन तुझं नाही.”

“म्हणजे?”

“ट्रकचं आहे. ट्रकचा ब्लॉक उंच असतो, त्यामुळं हेडं जास्त लांब पडतात. तू कार्ब्युरेटरच्या खाली कधी उतरलाच नाहीस, म्हणून कळलं नाही.”

ऑझी खाली मान घालून सांगू लागला. “तू टेक्सासला, लष्करात होतास तेव्हाची गोष्ट. लवर्नने गाडी काढली. इंडियानात इंजिनातलं तेल संपलं आणि ते जाम झालं. तिचा फोन आला, मी ओढून आणली. भंगारातल्या ट्रकचं इंजिन काढून बसवलं. ‘मर्लला सांगायचं नाही,’ म्हणाली. शपथ घातली मला.”

“इंडियानात काय करत होती?”

“माहीत नाही.”

“माझ्याकडं यायला निघाली होती?”

“असेल. रस्ता तोच.”

“असेल म्हणजे?”

“शिकागोचाही तोच. तिथं तिची मैत्रीण होती, नोकरी देते म्हणत होती.” ऑझीने टोपी पुन्हा काढली. “मागच्या सीटवर मोठी बॅग होती, मर्ल. हिवाळी कोटसुद्धा.”

“टेक्सासच्या उन्हात हिवाळी कोट?”

“मी विचारलं नाही. बहीण रडायला लागली की मी फक्त इंजिनाबद्दल बोलतो.”

मर्ल गाडीच्या फेंडरला टेकून उभा राहिला. सुट्टीवर आला तेव्हा लवर्न दारात उभी होती, गाडी धुऊनपुसून ठेवलेली. तो तिला घेऊन तळ्यावर गेला होता. ‘काय पळतेय बघ,’ असं तोच म्हणाला होता. ती हसली होती. का हसली होती?

दोघांनी मिळून जुना मॅनिफोल्ड परत चढवला. दुसऱ्या दिवशी मर्ल गाडी घेऊन एकटाच बाहेर पडला. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. महामार्गालगतच्या पंपावर थांबला, तेव्हा शेजारच्या पिकअपमधून एक तरुण बाई उतरली. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, “काय देखणी आहे हो! इंजिन मूळचंच?”

“नाही. ट्रकचं आहे. माझ्या बायकोनं घालून घेतलं.”

“अरे वा! त्यांना गाड्यांमधलं कळायचं?”

मर्लने टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

“मला वाटायचं, नाही कळत,” तो म्हणाला.