पिठीचे वजन

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. पितळी पारड्यांचा, लोखंडी दांडीचा, मधोमध काटा असलेला. आता तुम्ही म्हणाल, जुना म्हणजे गंजका आणि कुरकुरा असणार. तर तसे मुळीच नाही. माझा काटा आजही खसखशीच्या चार दाण्यांनी हलतो, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडी बढाई आहेच.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. माझी पारडी त्याने इतक्या वेळा ठोकली आणि घासली की शेजारी त्याला म्हणत, "अहो, तराजू करताय की आरसा?" तो फक्त हसायचा. मग त्याने मला टांगले, दोन्ही पारडी रिकामी सोडली आणि श्वास रोखून पाहिले. दांडी सरळ राहिली. त्या दिवसापासून मला ताठ राहायची सवय लागली आहे.

तिथून मी एका किराणा दुकानात आलो. दुकानदाराला सगळे आप्पा म्हणत. आप्पांची एक रीत होती. माल तोलून झाला, दांडी सरळ झाली की ते वर चिमूटभर, मूठभर आणखी टाकायचेच. गिऱ्हाइकाचे पारडे झुकल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. "आप्पांच्या दुकानातली साखर घरी गेल्यावर वाढते," असे बायका म्हणायच्या, आणि ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

पुढे दुकान आप्पांच्या मुलाने हाती घेतले. त्याने एक चपटा, दिव्याचे आकडे दाखवणारा काटा आणला. मला परसातल्या कोंबड्यांच्या खोपटात आढ्याला टांगले. मी रुसलो होतो, खोटे कशाला बोलू? साखर, साबुदाणा, वेलदोडे तोलणारा मी, आणि आता माझ्या भोवती पिसे आणि धूळ!

पण तिथेच मला पिठी भेटली. पिठी म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या रंगाची एक कोंबडी. आप्पांच्या पत्नीने तिला पिल्लू असताना दुकानातल्या खोक्यात, कापसात ठेवून वाढवले होते. त्याच वर्षी त्या वारल्या. त्यानंतर आप्पा दिवसभर कोणाशी बोलत असतील तर पिठीशी. घरात काय शिजले, गुडघा किती दुखला, मुलाने काय उलट उत्तर दिले, सगळे तिला सांगायचे. तीही मान वाकडी करून ऐकायची.

या पिठीने माझे एक पारडे अंडी घालायला पसंत केले. खाली खोके होते, त्यावर ते टेकलेले असायचे. ती रोज सकाळी ऐटीत चढायची, पारडे खोक्यावर दाबून बसायची, आणि समोरचे रिकामे पारडे वर जायचे. मित्रांनो, कोंबडीचे घरटे होणे हा तराजूचा मान आहे की अपमान, हे मी बरेच दिवस ठरवत होतो. मग पहिले अंडे पडले, कोमट आणि जड, आणि मी ठरवले की मानच आहे.

म्हणूनच सगळ्यांच्या आधी मला कळले. पिठी हलकी होत होती.

बाहेरून तसे दिसत नव्हते. उलट ती पिसे फुलवून बसायची, त्यामुळे गुबगुबीत वाटायची. दाणेही खायची. आप्पा कौतुकाने म्हणायचे, "बघा, खाऊन खाऊन कशी सुस्तावलीय!" पण तिचा तुरा फिका पडला होता, विष्ठा पातळ झाली होती आणि अंडी बंद झाली होती. ती बसली की माझे पारडे खोक्यावर पूर्वीसारखे दबेना. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण तराजूला तोंड कुठले?

एके दिवशी शेजारचा शिंपी कुंपणावरून डोकावला. "आप्पा, अंडी देईना तर कशाला पोसताय? द्या माझ्याकडं, संध्याकाळी चुलीवर चढवतो." आप्पा एवढे चिडले की हातातली काठी खाली पडली. "आधी तुला चढवीन!" ते म्हणाले. 

आप्पांची सून बोलायला तिखट, पण मनाची मऊ. तिने पिठीला उचलले, पिसांखाली बोटे घातली आणि दचकली. छातीचे हाड सुरीच्या पाठीसारखे हाताला लागत होते. ती पिठीची ताजी विष्ठा एका डबीत घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि निदान केले. पोटात जंत. पिठी खात होती आणि जंत पोसले जात होते. औषधाचे थेंब वजनाच्या मापाने द्यायचे, तेव्हा आधी नीट वजन करा, असे त्यांनी बजावले.

सुनेने पिठीला आधी त्या चपट्या काट्यावर ठेवून पाहिले. पिठी घाबरून नाचू लागली आणि काट्याचे आकडे उंदरासारखे पळू लागले. एक आकडा थांबेल तर शपथ! मला हसू आवरत नव्हते. आप्पा मग उठले आणि खोपटात आले. त्यांनी मला पुसले, पारडी चिंचेने घासली आणि खोपटाच्या दारात टांगले. कितीतरी काळाने माझ्यावर ऊन पडले.

एका पारड्यात टोपली ठेवली. दुसऱ्यात खडे टाकून टोपलीचा भार सारखा केला. मग टोपलीत पिठीला बसवले. ओळखीच्या पारड्यावर ती गपचूप बसली. समोर आप्पांनी वजने ठेवली. पिठीचे पारडे वर येत येत जरासेच झुकलेले उरले, तसा त्यांनी हात मागे घेतला.

"झालं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, दांडी कुठं सरळ आहे?" सून म्हणाली.

"अगं, आपल्याकडं असंच असतं. गिऱ्हाइकाकडं जरा झुकलेलंच."

"पिठी काय गिऱ्हाईक आहे?"

"असू दे गं. वजन कमी धरलं तर वर दोन थेंब जास्त देऊ. हाय काय, नाय काय!"

"आप्पा, ही साखर नाही, औषध आहे. कमी पडलं तर जंत मरणार नाहीत. आणि जास्त झालं तर पिठीच..."

आप्पांनी पिठीकडे पाहिले. मग वजनांच्या डबीतून लहान वजने काढली आणि एकेक करून ठेवू लागले. मी माझा सगळा ताठपणा पणाला लावला. दांडी डुलली, थांबली आणि सरळ झाली. आयुष्यभर झुकते माप देणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच मला तसे सरळ सोडले. वजने मोजताना त्यांचे डोळे भरून आले. "केवढी हलकी झालीय गं ही," ते म्हणाले, "आणि मी हिला सुस्त म्हणत होतो."

आप्पांनी पिठीला पंच्यात गुंडाळून काखेत धरले. सुनेने मोजून घेतलेले थेंब चोचीच्या कडेने हळूहळू सोडले. बाकीच्या कोंबड्यांनाही तोलून औषध मिळाले. खोपटातले ओले गवत काढून कोरडे अंथरले, पाण्याची भांडी रोज घासली जाऊ लागली. औषध अंड्यात उतरते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी परवानगी देईपर्यंत बाकीच्या कोंबड्यांची अंडी खायची नव्हती. ती टाकून देताना आप्पांचा जीव तुटायचा, पण त्यांनी एकही ठेवले नाही. काही दिवसांनी औषधाची दुसरी पाळी झाली. त्याही वेळी दांडी सरळच होती.

तुऱ्यावर लाली हळूहळू चढली. मग एका सकाळी पिठी ऐटीत आली, माझ्या पारड्यात चढली आणि पारडे दाराशी आणून ठेवलेल्या खोक्यावर धपकन दबले. मित्रांनो, मी पोतीच्या पोती तोललेली आहेत, पण त्या वजनाइतका आनंद मला कशानेच झाला नाही.

आता मी दारातच असतो. कोंबड्या अधूनमधून माझ्यात बसून जातात, म्हणजे पिसांखाली काय चालले आहे ते कळते. तुमच्या परसात कोंबडी असेल, तर तिचे फुललेले अंग पाहून निर्धास्त राहू नका. तिला हातात घ्या, तोलून पाहा. आणि औषध देताना मायेने हात सैल सोडू नका.

त्या सकाळी पिठी खाली उतरल्यावर आप्पांनी माझ्यात तिचे दाणे तोलले. दांडी सरळ झाली. त्यांनी सुनेकडे चोरून पाहिले. तिने मुद्दाम पाठ फिरवली, आणि आप्पांनी वर मूठभर दाणे आणखी टाकले.