फिकट की गडद

सुधाकरला रंग नीट दिसत नाहीत ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक आहे, असं मी सात महिने धरून चालले होते. एक डोळ्यांचे डॉक्टर आणि दुसरी मी. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. गाडी आता मीच चालवते. मुलांना यातलं काही कळता कामा नये, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले. हॉस्पिटलच्या फार्मसीत वर्षानुवर्षं मी माणसांना तोंडावर खरं सांगत आले. घरी मात्र शेपूट घातली.

मुलं म्हणजे आमची नव्हेत. आमची एकुलती एक लेक ऑकलंडला असते आणि बापाचा फोन कधी येतो याची वाट बघते. ही मुलं बंधुमंडळाची. ख्राइस्टचर्चबाहेर एका जुन्या घरात शेतकी शिकणारे बारा जण एकत्र राहतात आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर काम शिकतात. सुधाकरने हे मंडळ सत्तावीस वर्षांपूर्वी काढलं. गवताचा शास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली, निवृत्त झाला, तरी आमचे शनिवार-रविवार तिथेच गेले. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तो एका मुलाला मेंढीची प्रसूती शिकवत होता. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मंडळात एक प्रथा आहे, जोडीची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातून त्याने ती इथे आणली. दर नव्या माणसाची एका जुन्याशी जोडी लावायची. नव्याने वर्षभर जोडीदाराच्या शब्दाबाहेर जायचं नाही. शंका आली तर ती रात्री जेवणानंतर विचारायची, शेतात नाही. शेतात दोन तोंडं बोलली की अपघात होतो, असं त्याचं म्हणणं. या कॅन्टरबरी प्रांतातल्या शेतकऱ्यांची उंच गोरी पोरंसुद्धा त्याला काका म्हणतात आणि हा नियम मुकाट पाळतात.

या वर्षी त्याची जोडी सानिकाशी होती. एकोणीस वर्षांची, इथेच ख्राइस्टचर्चमधल्या रिकार्टनला जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

जुलैतला, म्हणजे इथल्या ऐन थंडीतला, शनिवार होता. चौसष्ट गाई ओट्सच्या नव्या शेतात सोडायच्या होत्या, सगळ्या गाभण. शेतकऱ्याने त्या मंडळाच्या भरवशावर दिल्या होत्या. आधी कोरडा गेलेला महिना, मग आठवडाभर पाऊस आणि ढग. अशा हवेत ओट्स भराभर वाढतात आणि देठांत नायट्रेट साठतं. गाईने ते उपाशीपोटी खाल्लं तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. दोन-तीन तासांत ती लटपटते आणि खाली बसते. पुष्कळदा ती पुन्हा उठत नाही.

म्हणून आधी देठ पिळून त्याचा रस कागदाच्या पट्टीवर घ्यायचा. पट्टी फिकट गुलाबी झाली तर सोडा, गडद झाली तर थांबा. एवढंच. शाळेतल्या पोराला जमेल असं काम, फक्त रंग दिसायला हवा.

गाई रात्रीपासून रिकाम्या पोटी होत्या. विजेच्या कुंपणाच्या तारेपाशी गर्दी करून हंबरत होत्या. दक्षिणेचा वारा अंगात शिरत होता. सानिकाने देठ पिळले, पट्टी भिजवली आणि मिनिटभराने सुधाकरच्या हातात दिली. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते. पट्टी जांभळ्याकडे झुकलेली गडद गुलाबी होती.

त्याने ती डोळ्यांपासून लांब धरली, मान जराशी तिरकी केली, जशी तो हल्ली वर्तमानपत्रासमोर करतो. मग म्हणाला, "फिकट आहे. सोड."

आता बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मी सानिकाकडे बघत राहिले. तिलाही पट्टी दिसली होती, नक्कीच. ती बोलेल, म्हणजे मला बोलावं लागणार नाही, असा हिशेब मी त्या थंडीत उभी राहून केला. साठी उलटलेली बाई, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीच्या आड लपत होते.

सानिका तारेकडे गेली. तार उघडायची रबरी मूठ धरली. बाकीचे अकरा जण कुंपणालगत ओळीने उभे होते. कोणी हललं नाही. पुढची गाय तिच्या कोपराला नाक लावून ढकलायला लागली. तिने मूठ अर्धी सोडवली, आणि तशीच थांबली.

"सानिका, सोड," सुधाकर म्हणाला.

ती हलली नाही. सुधाकरचा आवाज चढला. सत्तावीस वर्षांत शेतात कोणी आपला शब्द असा अधांतरी ठेवला नव्हता, असं तो म्हणाला. शंका असेल तर ती रात्री जेवणानंतर. मग तो स्वतः तारेकडे निघाला. मधलं दिसत नसलं तरी ती वाट त्याला पायांनी पाठ होती.

सानिकाने मूठ परत अडकवली आणि ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"नाही, काका," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "रात्रीपर्यंत त्या मरतील."

तो थबकला. वळून त्याने मला हाक मारली. "सुनेत्रा, तू सांग. रंग कुठला आहे?"

आता लपायला जागा नव्हती. "गडद," मी म्हणाले. "आणि तुला तो दिसत नाही, सुधाकर. डिसेंबरपासून दिसत नाही."

बोलले आणि वाटलं, आता हा मला आयुष्यभर माफ करणार नाही. त्याच्या मुलांसमोर त्याला उघडं पाडणारी मी. पण मुलांकडे पाहिलं तर एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते. सुधाकरला चेहरे दिसले नसतील, पण शांतता त्याला ऐकू आली.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

चिराग पुढे आला. तो मंडळातला सर्वांत जुना, शेवटच्या वर्षाला आहे. "फेब्रुवारीपासून, काका. तुम्ही गेलात की आम्ही सगळ्या टेस्ट्स पुन्हा करायचो. माती, दूध, सगळं. शिफ्ट लावल्या होत्या."

"किती वेळा चुकलो मी?"

चिरागने सानिकाकडे पाहिलं. सानिका म्हणाली, "नाइन टाइम्स. पण बाकी वेळी थांबायला वेळ असायचा. आज गाई समोर होत्या."

सुधाकरने हातातली पट्टी दुमडून खिशात ठेवली. गाईंचं हंबरणं चालूच होतं. मग तो म्हणाला, "मी तुम्हाला शेती शिकवतोय असं मला वाटत होतं. तुम्ही मला सांभाळत होतात." त्याचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत मी तो कधी असा ऐकला नव्हता. "तोंडावर सांगायची हिंमत एकालाही होऊ नये, असं काय मी शिकवलं तुम्हाला?"

मला ते ऐकून रडू आलं. या पोरांनी माझा नवरा पळवला म्हणून मी त्यांच्यावर सत्तावीस वर्षं राग धरला होता. सात महिने मी घरी जे ओझं एकटीने वाहतेय असं समजत होते, तेच बारा जण इथे पाळी लावून वाहत होते. आणि माझ्यासारखेच चुकत होते.

सानिकाने डोळे पुसले आणि चिरागला सुक्या गवताचे गठ्ठे आणायला सांगितलं. आधी गाईंची पोटं भरायची, ओट्सला आठवडाभर हात लावायचा नाही. सांगताना तिने सुधाकरकडे वळून पाहिलं नाही. सगळे धावले.

सुधाकर तारेपाशी एकटा उभा राहिला. मी जवळ गेले, तसा त्याने हवेत हात पुढे करून माझा दंड चाचपला आणि घट्ट धरला. मुलांसमोर धरला. "मला गाडीपर्यंत ने," तो म्हणाला. "वाट दिसत नाहीये."