गढूळ बियरला तुरटी

बेबीनंदाकाकूंनी सूरजला मोसंबी द्यायचं कबूल केलं. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या दुपारी तसं काही घडायचं लक्षणच नव्हतं.

आष्टीचा सूरज पुण्यात एका छोट्या कारखान्यात बियर बनवायचा. त्याची मोसंबीची बियर मालकाला आवडली होती. अट एकच, तिच्यात पडणारी मोसंबीची साल चांगल्या बागेतली पाहिजे आणि बाग सूरजनेच शोधायची. नाही मिळाली तर बियर बंद, आणि सूरज परत बाटल्या धुवायला. म्हणून दोन बाटल्या बर्फात घालून तो कुंभार पिंपळगावला काकूंच्या बागेत आला. बाग काकूंच्या नावावर होती. धर्मराजकाका नुसते त्यांचे नवरे होते.

पहिली बाटली ग्लासात ओतून सूरज हात धुवायला गेला. परत येतो तर काकू ग्लासात तुरटी फिरवत होत्या. बियर फसफसून उठली, बाजेवरून खाली उतरली आणि आपल्या वाटेने निघाली. काकांनी तिला जागा द्यायला पाय वर घेतले.

"काकू, काय करून राह्यल्या?"

"गढूळ हाय रं. दहा मिनटांत खाली बसंल."

"ती गढूळच असते! मुद्दाम तशी करतो आम्ही."

"मुद्दाम?" काकूंनी तुरटी पदराला पुसली. "असलं तर आमच्या नळालाच येतंय. त्यासाठी पुण्याला गेल्ता का तू?"

काकांनी ग्लासात उरलेली चाखली. त्यांचं तोंड बटव्यासारखं आवळलं. "तुरट हाय," ते म्हणाले आणि तपासाच्या दृष्टीने सगळी संपवली.

आता एकच बाटली उरली. सूरजने आधी तुरटी खिशात घातली, मग बियर ओतली. काकू पीत नसत. त्यांनी ग्लास नुसता नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"आंबे बहाराची साल हाय."

"हो. मार्केटमधून आणल्ती."

"आतलं पांढरं बराबर काढलं न्हाई. मागून कडू वास येतोय."

हा कडवटपणा कुठून येतो ते पुण्यात तीन शिकलेली माणसं दोन महिने यंत्र लावून शोधत होती.

"मंग काय करू, काकू?"

"मृग बहाराची घे, पावसाळ्यात फुलती ती. फेब्रुवारीत ये. साल मी सोलून देते, तुझ्या हातात सुरी बिलकुल न्हाई."

सूरज त्यांच्या पाया पडायला वाकला, तेवढ्यात काकांनी तो ग्लासही रिकामा केला. "पुरे आता, यापुढं एक थेंब न्हाई," काकू म्हणाल्या. काकांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन मागितलं आणि लिहायला बसले:

"प्रति, सौ. बेबीनंदा, मालक, मोसंबी बाग. विषय: चव तपासनीस पदावर नेमणूक मिळणेबाबत. महोदया, आपल्या मालाचा योग्य वापर होतो किंवा कसे, हे पाहणेकामी अर्जदारास दर शनिवारी दोन बाटल्या तपासण्याची परवानगी मिळावी. अर्जदार निर्व्यसनी आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती."